किल्ला पाहा, पायाही पाहा

सुट्टी लागली की आपल्या घरांतून जाण्याची ठिकाणे ठरलेली असतात. मामाचे गाव, कोणाचे तरी लग्न, ऑक्टोबरात दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, आणि फारच झाले तर अजिंठा-वेरूळ. त्यापलीकडचे फिरणे म्हणजे पैसेवाल्यांची हौस, असे आपण धरून चालतो. आम्हीही इतकी वर्षे तसेच धरून चाललो होतो. परंतु आमच्या थोरलीने इतिहासाच्या पुस्तकातले एका किल्ल्याचे चित्र पुढे केले आणि विचारले, "हा खरंच एवढा उंच आहे का?" तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुस्तकातले चित्र डोळ्यांनी दाखवावे, एवढे तरी आईबापाला जमले पाहिजे, असे त्या दिवशी मनात आले.

तो किल्ला जोधपूरचा मेहरानगड. जोधपूरला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी करणारे आमचे एक स्नेही आहेत. मेघवाल समाजातले. कामगार संघटनेच्या एका अधिवेशनात ओळख झाली आणि "जय भीम" या दोन शब्दांवर ती टिकली. ते दरवर्षी बोलावत आणि आम्ही दरवर्षी टाळत होतो. गेल्या जानेवारीत मात्र निघालो. आम्ही दोघे, आठवीतली थोरली, चौथीतला धाकटा आणि मुलांची आजी. वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस पकडली, भाकरी-चटणीवर रात्र काढली आणि सकाळी थंडीत कुडकुडत जोधपूरला उतरलो.

पाच दिवस आम्ही स्नेह्यांच्या घरी मुक्काम ठेवला. रोज सकाळी निघायचे, एक ठिकाण पाहायचे आणि संध्याकाळी किंवा रात्री परत यायचे. सामान बांधायची कटकट नाही, हॉटेलचा खर्च नाही. राजस्थानच्या वाळवंटाच्या काठावरचे हे शहर अशा एकेका दिवसाच्या सहलींसाठी फार सोयीचे आहे. त्या पाच दिवसांत काय पाहिले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला दिवस : मेहरानगड

राव जोधाने इ. स. १४५९ मध्ये जुनी राजधानी मंडोर सोडली आणि शेजारच्या खडकाळ डोंगरावर या किल्ल्याचा पाया घातला. शहराला नावही त्याचेच मिळाले. डोंगर सुमारे चारशे फूट उंच. त्यावर पुन्हा शंभर-सव्वाशे फुटांपर्यंत चढत गेलेल्या भिंती. खाली उभे राहून वर पाहिले की मान दुखते. थोरलीला तिचे उत्तर मिळाले. चढण अवघड आहे, पण किल्ल्यात लिफ्टची सोय आहे, त्यामुळे आजी आरामात वर पोचली आणि आम्ही धापा टाकत मागून.

आत महालांचे सुंदर संग्रहालय आहे. मोतीमहाल, फूलमहाल, हत्तीवरच्या अंबाऱ्या, तलवारी, चित्रे. पालख्यांच्या दालनात धाकटा थबकला. सोन्याचा मुलामा, नक्षी, मखमल. सगळे पाहून त्याने विचारले, "आत कोण बसायचं ते लिहिलंय. उचलायचं कोण?" त्याची आजी म्हणाली, "अरे, ते कधी लिहितात का!"

किल्ल्याच्या एका दरवाजाला लोहापोळ म्हणतात. त्याच्या भिंतीवर हाताचे छोटे छोटे ठसे कोरलेले आहेत. हे सती गेलेल्या राण्यांचे ठसे. १८४३ मध्ये महाराजा मानसिंह वारले, तेव्हा त्यांच्या चितेवर गेलेल्या स्त्रियांची ती खूण. लोक तिथे शेंदूर लावतात, नमस्कार करतात. आमच्या थोरलीने आपला हात त्या ठशाजवळ धरून पाहिला. हात जवळपास तेवढाच होता. मुलांच्या आईने तिचा हात चटकन मागे ओढला. त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग आमचे स्नेही म्हणाले, "आता तुम्हाला आमच्या माणसाकडे नेतो."

किल्ल्यात एक स्मारकशिळा आहे. घाईत असलेले पर्यटक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. ती आहे राजाराम मेघवालाची. राजिया भांबी असेही त्याचे नाव सांगतात. कथा अशी, की या डोंगरावर पक्ष्यांना दाणे घालणारा एक साधू राहत होता. चिड़ियानाथजी त्याचे नाव. किल्ल्यासाठी त्याला तिथून हलवले, तेव्हा इथे कायम पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप त्याने दिला. शाप टळावा म्हणून जिवंत माणूस पायात पुरायचे ठरले आणि राजाराम मेघवाल त्याला तयार झाला. त्याच्या घराण्याला राजाने जमीन दिली. ती जागा आजही राजबाग म्हणून ओळखली जाते.

आम्ही स्नेह्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "लहानपणी वडील अभिमानाने सांगायचे, आपल्या माणसाने जीव दिला म्हणून किल्ला उभा राहिला. मी विचारायचो, बापू, दिला की घेतला? वडील गप्प बसायचे."

दिला की घेतला? पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी एका मेघवालाला राजापुढे "नाही" म्हणता आले असते का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पायात पुरायला सरदाराचा मुलगा का निवडला नाही, हेही विचारावे. शापाची कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. परंतु पायासाठी माणूस हवा म्हटल्यावर नजर कोणत्या वस्तीकडे वळते, ते मात्र ही कथा स्वच्छ सांगते. आणि दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या काळच्या किती गवंड्यांची, पाथरवटांची, ओझी वाहणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? राजारामाचे नाव निदान दगडावर आहे. त्याच्या समाजाने ते विसरू दिले नाही.

आजी बराच वेळ तिथे उभी होती. निघताना तिने स्नेह्यांना विचारले, "भाऊ, त्याच्या आईचं नाव काय होतं?"

"ते कोणाला माहीत नाही, मांजी."

तटावरून खाली निळ्या रंगाची घरे दिसतात. दूर एका टेकडीवर पिवळसर दगडाचा अवाढव्य राजवाडा दिसतो, तो उमेदभवन. १९२९ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १९४३ मध्ये संपले. खोल्या ३४७. दुष्काळात प्रजेला काम मिळावे म्हणून तो बांधला असे सांगतात, आणि हजारो हातांना तिथे काम मिळाले हे खरेही आहे. आमच्या स्नेह्यांच्या आजोबांनी तिथे दगड वाहिले होते. ते ऐकून आजी हसली. "आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. पण त्याचा निदान रस्ता झाला. त्यावरनं एसटी आली गावात." उमेदभवनाच्या एका भागात आज महागडे हॉटेल आहे आणि एका भागात सर्वांसाठी संग्रहालय.

खडकाशी बोलणारी माणसे

त्याच दिवशी दुपारी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये गेलो. हे सुमारे सत्तर हेक्टरांचे खडकाळ रान आहे. किल्ल्याखालचा हा खडक ज्वालामुखीतून तयार झालेला आहे आणि त्याचे वय पंचाहत्तर कोटी वर्षांच्या आसपास आहे. किल्ल्याचे वय पावणेसहाशे वर्षे, त्याचे आपल्याला केवढे कौतुक!

या रानात पूर्वी सगळीकडे विलायती बाभूळ माजली होती. आपल्याकडे हिलाच वेडी बाभूळ म्हणतात. १९३० च्या सुमारास महाराजा उमेदसिंहांच्या काळात हिचे बी विमानातून टाकले होते, असे सांगतात. वाळवंट हिरवे व्हावे हा हेतू. हिरवे झाले, परंतु या परक्या झाडाने इथली मूळची झाडे मारून टाकली. २००६ पासून ती काढण्याचे काम सुरू झाले आणि २०११ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. निसर्गअभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी ते काम उभे केले.

ही बाभूळ नुसती तोडून भागत नाही. मूळ खोलवरून काढले नाही तर पुन्हा फुटते. आणि मुळे तर खडकाच्या भेगांत शिरलेली. ती काढायची कशी? शेवटी खांडवालिया लोकांना बोलावले. पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या खाणीत काम करणारी ही माणसे. हातोड्याने खडकावर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा आणि खडक कुठे पक्का, कुठे भेगाळलेला ते सांगायचे, ही त्यांची विद्या. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खड्डे करून मुळे काढली. त्याच खड्ड्यांत मग थोर, केर, कुमटिया अशी मूळची झाडे लावली गेली. आज तिथे पायवाटा आहेत, पाट्या आहेत, माहिती सांगणारे आहेत. शाळेत न गेलेल्या माणसाच्या कानात केवढी विद्या असते, ते मुलांना दाखवायला हे ठिकाण उत्तम.

संध्याकाळी जुन्या शहरातला तूरजी का झालरा पाहिला. ही १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंहांच्या राणीने बांधवलेली पायऱ्यांची विहीर. लाल दगडाच्या त्रिकोणी पायऱ्या दोनशे फुटांहून खोल उतरत गेल्या आहेत. अनेक वर्षे ती कचऱ्याने आणि घाण पाण्याने भरलेली होती. अलीकडच्या काळात ती साफ केली आणि पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. पोरे वरून धडाधड उड्या मारत होती. कोण कोणाचा हे कोणी विचारत नव्हते. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या की आपल्या माणसाला महाड आठवतेच. १९२७ सालच्या मार्चमधली चवदार तळ्याची हकीकत आम्ही तिथेच पायरीवर बसून मुलांना सांगितली. धाकटा म्हणाला, "म्हणजे आधी पाण्याला हात लावला तर मारायचे?" समोर पोरे पोहत असताना त्याला ते खरे वाटेना. त्याला खरे वाटले नाही, हीच आपली कमाई.

दुसरा दिवस : झाडूचे घर

सकाळी मंडोरच्या बागेत गेलो. शहरापासून आठ-नऊ किलोमीटर. मारवाडच्या राजांच्या लाल दगडातल्या देवळासारख्या उंच समाध्या तिथे आहेत. मंडोर हे मंदोदरीचे माहेर, अशीही दंतकथा लोक सांगतात. मोठमोठी झाडे, वानरे, मोर. डबा खायला चांगली जागा, फक्त डबा वानरांपासून सांभाळावा.

तिथून रिक्षाने मोकलावास गावाकडे निघालो. शहरापासून वीसएक किलोमीटरवर, दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर अरणा-झरणा नावाचे वाळवंटाचे संग्रहालय आहे. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांची ही कल्पना. लंगा आणि मांगणियार या गाणाऱ्या जातींतल्या कलावंतांना त्यांनीच देशापुढे आणि जगापुढे आणले. २००४ मध्ये ते वारले. हे संग्रहालय म्हणजे मातीच्या भिंतींची साधी घरे. राजांचे इथे काहीही नाही. इथे मांडले आहेत झाडू!

होय, झाडू. राजस्थानच्या निरनिराळ्या भागांतले दीडशेहून अधिक झाडू. बाजरीच्या मुलखातला वेगळा, ज्वारीच्या मुलखातला वेगळा, मक्याच्या मुलखातला वेगळा. घरात झाडायचा मऊ, अंगणात आणि गोठ्यात झाडायचा कडक. कोणते गवत, ते कुठे उगवते, कोणत्या जातीचे लोक तो बांधतात, किती दिवस टिकतो, सगळ्याची नोंद.

आमची आजी, म्हणजे आमची आई, मुंबईत पालिकेच्या झाडू खात्यात बत्तीस वर्षे होती. पहाटे साडेपाचला हजेरी. आमची शाळा, पुस्तके, आमची नोकरी, सगळे त्या हजेरीवर उभे आहे. तिला इथे आणावे की नाही, याचा आम्ही रात्रभर विचार केला होता. आयुष्यभर ज्याने कंबर मोडली ते तिला पुन्हा दाखवायचे? आणि झाडू म्हटले की आपल्याला आणखीही एक गोष्ट आठवते. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून चालताना अस्पृश्याला आपली पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात ते लिहून ठेवले आहे. तोच झाडू काचेत ठेवावा, ही कल्पनाच आम्हाला सुरुवातीला रुचली नव्हती.

पण आजी आत शिरली ती सराईतासारखी. एकेका झाडूजवळ थांबून पाहू लागली. "हा आपल्या खराट्यासारखा. पाला ओढायला चांगला." "ही केरसुणी. पण शिंदीची नाही दिसत." आपल्याकडे शिंदीच्या पानांच्या केरसुण्या मातंग बांधव बांधतात, हे तिने तिथल्या माहिती देणाऱ्या तरुणाला सांगितले. मोडक्यातोडक्या हिंदीत ती बोलत होती आणि तो वहीत टिपून घेत होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिला कामाबद्दल कोणी काही विचारले असेल असे वाटत नाही. पुढे एका आखूड झाडूजवळ ती म्हणाली, "याला दांडा नाही. बाई वाकून वाकून मरते. आम्हाला लांब दांडा मिळाला तो पार शेवटी शेवटी."

बाहेर येऊन ओट्यावर बसल्यावर आम्ही भीतभीतच विचारले, "आई, वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट कशाला वाटेल? राजाची तलवार ठेवतात, तसा झाडू ठेवला. चांगलं केलं." मग थोडे थांबून म्हणाली, "पण माझ्या नातीच्या हातात तो नको. तिनं असा पाहायचाच."

आमच्या मते झाडूच्या संग्रहालयावर याहून नेमका अभिप्राय कोणी लिहिला नसेल. हाताचे कसब मोठे, त्याची नोंद व्हावी. परंतु ते कसब एकाच जातीच्या कपाळी लिहून ठेवावे, हे चालणार नाही.

तिसरा दिवस : खेजडली

जोधपूरपासून आग्नेयेला पंचवीसएक किलोमीटरवर खेजडली हे छोटे गाव आहे. खेजडी म्हणजे आपली शमी, विदर्भात तिला सौंदड म्हणतात. १९८३ पासून ती राजस्थानचे राज्यवृक्ष आहे. वाळवंटातल्या माणसाचे हे खरे कल्पतरू. पाला शेळ्या-उंटांना, कोवळ्या शेंगांची सांगरी भाजीला, वाळलेली फांदी चुलीला, सावली सर्वांना.

इ. स. १७३० ची गोष्ट. परवा आपण ज्यांच्या राणीची विहीर पाहिली त्याच महाराजा अभयसिंहांचे राज्य. नव्या महालासाठी चुना हवा होता, चुना भाजायला लाकूड हवे होते. राजाची माणसे खेजडलीत आली. हे बिश्नोई लोकांचे गाव. गुरू जांभोजींनी १४८५ मध्ये घालून दिलेल्या एकोणतीस नियमांवर चालणारा हा पंथ. बीस आणि नऊ, म्हणून बिश्नोई. हिरवे झाड तोडायचे नाही, जनावर मारायचे नाही, हे त्यातले नियम. लाकूड लागू नये म्हणून ते मृताला जाळत नाहीत, पुरतात.

अमृतादेवी नावाची एक बाई पुढे झाली आणि झाडाला मिठी मारून उभी राहिली. डोके देऊन झाड वाचत असेल तर तो सौदा स्वस्तच, अशा अर्थाचे ती बोलली, असे सांगतात. कुऱ्हाड तिच्यावर चालली. मग तिच्या तीन मुलींवर. बातमी पसरली तशी आसपासच्या गावांतून माणसे येत गेली. म्हातारी, तरुण, बायका. एकूण ३६३ माणसे मेली, तेव्हा कुठे राजाने तोड थांबवली आणि बिश्नोई गावांत झाडे तोडायला बंदी केली. पुढे १९७३ मध्ये हिमालयात चिपको आंदोलन झाले, तेव्हा जगाला खेजडलीची आठवण झाली. ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन पाळला जातो, तो याच घटनेवरून. गावात स्मारक आहे आणि दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला मोठा मेळा भरतो.

खेजडीच्या सावलीत बसून थोरलीने विचारले, "बाबा, तिथे एक माणूस पायात गेला, इथे चुन्यासाठी एवढी माणसे गेली. दोन्ही राजवाड्यासाठीच ना?"

हो, दोन्ही राजवाड्यासाठीच. पण एक फरक आम्ही तिला सांगितला. किल्ल्याच्या पायात गेलेला माणूस एकटा होता. त्याच्या बाजूने कोणी उभे राहिल्याचे कथेत येत नाही. खेजडलीत एक बाई उभी राहिली आणि तिच्यामागे गावे उभी राहिली. माणसे मेली, पण राजाला आपला हुकूम मागे घ्यावा लागला. संघटित व्हा असे आपल्याला का सांगितले गेले, ते या दोन ठिकाणी उभे राहिले की समजते.

परतीच्या वाटेवर गुढा बिश्नोई गावचे तळे लागते. तिथे काळविटांचा कळप अगदी रस्त्याजवळ चरत होता. त्यांना माणसाची भीती अशी नाहीच. धाकटा रिक्षातून उतरून पंधरा मिनिटे न बोलता पाहत राहिला. एरवी तो पंधरा सेकंद गप्प बसत नाही. खेजडीची गोष्ट मात्र संपलेली नाही. गेल्या काही वर्षांत सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून पश्चिम राजस्थानात आंदोलने झाली आहेत. वीज हवी आणि झाडही हवे. तोड कशी काढायची, ते पुढच्या पिढीला शिकून ठरवावे लागेल.

चौथा आणि पाचवा दिवस : ओसियां आणि खीचन

ओसियां हे जोधपूरच्या उत्तरेला पासष्टएक किलोमीटरवर. जैसलमेरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच ते आहे, बसही मिळते. आठव्या ते बाराव्या शतकांतली दगडी मंदिरे इथे आहेत. त्यांतले महावीराचे जैन मंदिर आठव्या शतकाच्या अखेरचे, प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातले. भाव-भक्तीसाठी नव्हे, तर कारागिराचे काम पाहण्यासाठी जावे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची नक्षी कालच छिन्नी ठेवल्यासारखी दिसते. गावाबाहेर वाळूच्या टेकड्या आहेत. मुले त्यांवरून घसरगुंडी खेळली आणि रात्री बुटांतून वाळू निघत राहिली. राजस्थानात अशोककालीन बौद्ध अवशेषही आहेत, परंतु ते बैराटला, जयपूरच्या बाजूला. जोधपूरहून एका दिवसात ते जमत नाही, त्यासाठी वेगळी सहल काढावी.

खीचन त्याहून लांब, फलोदीजवळ, सुमारे दीडशे किलोमीटर. त्यासाठी पहाटे अंधारात निघावे लागते. हिवाळ्यात इथे हजारो कांड्या करकोचे उतरतात. इथले लोक त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून, हिमालय ओलांडून ते येतात. गावातल्या एका कुटुंबाने १९७० च्या दशकात कबुतरांना दाणे टाकता टाकता त्यांनाही टाकायला सुरुवात केली. हळूहळू सारे गाव त्यात आले. आज पक्ष्यांसाठी कुंपण घातलेली वेगळी जागा आहे, तिला चुग्गाघर म्हणतात. २०२५ मध्ये खीचनची पाणथळ जागा रामसर यादीत गेली, म्हणजे तिला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. सकाळी एकाएकी आकाश करड्या रंगाने भरते आणि असा कल्लोळ होतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. इथल्या लोकगीतांत नवऱ्यापासून दूर असलेली बाई या कुरजांजवळ निरोप देते. पोटासाठी घर सोडून गेलेल्या माणसांची आठवण या मुलखातही तशीच, आपल्यासारखीच.

मेहरानगडाच्या गोष्टीतला तो साधू पक्ष्यांना दाणे घालत होता, हे आम्हाला तिथे आठवले.

जाणाऱ्यांसाठी थोडे

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात मुले आणि म्हाताऱ्यांना घेऊन मुळीच जाऊ नये. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. जानेवारीत दुपारी ऊन आणि रात्री कडक थंडी असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि दिवसासाठी साधी टोपी अशी तयारी ठेवावी. माणशी पाण्याची एक बाटली रोज बरोबर असू द्यावी.

रेल्वेचे आरक्षण शक्य तितके आधी करावे. खेजडली आणि गुढा एकाच दिवशी होतात. दोन कुटुंबांनी मिळून गाडी केली तर माणशी खर्च पुष्कळ उतरतो. भाडे आधी बोलून ठरवावे. विद्यार्थ्यांनी शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि तिकीट-खिडकीवर सवलत आहे का ते विचारावे, विचारायला लाजू नये. खाण्यात बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी जरूर घ्यावी. मिरचीवडा मात्र बेताने, आमच्या धाकट्याला तो दोन दिवस पुरला!

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलांजवळ एक वही द्यावी. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न लिहायला सांगावेत : हे कोणाच्या नावाने ओळखले जाते? आणि हे कोणी केले? पहिल्याचे उत्तर पाटीवर असते. दुसऱ्याचे शोधावे लागते, विचारावे लागते. आमच्या थोरलीच्या वहीत पहिल्या पानावर राव जोधा आणि राजाराम मेघवाल ही दोन नावे शेजारी शेजारी आहेत. त्याखाली खांडवालिया आहेत, झाडू बांधणारे आहेत, अमृतादेवी आहे आणि खीचनचे दाणे टाकणारे आहेत. शेवटच्या पानावर तिने आपल्या आजीचे नाव लिहिले आहे, पुढे कंसात "३२ वर्षे".

आपल्या पूर्वजांना फिरण्याचे स्वातंत्र्य नव्हते. कोणत्या रस्त्याने जायचे, कोणत्या वेळी जायचे, सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले. आज तिकीट काढून आपण कोणत्याही किल्ल्याच्या महादरवाजातून ताठ मानेने आत जाऊ शकतो. हा हक्क सहज मिळालेला नाही, म्हणून तो वापरला पाहिजे. तेव्हा येत्या सुट्टीत जमेल तेवढे दूर, निदान जवळच्या एखाद्या किल्ल्यावर तरी, मुलांना घेऊन जा. किल्ला पाहा. आणि त्याचा पायाही पाहा.